मागं झील धरायला ये

रात्री अडीचला तुझा मेसेज आला तेव्हा मी जागीच होते. तुझ्या वयात बाळ जागवतं, माझ्या वयात गुडघे. ‘ताई, सगळं छान चाललंय, बाळ गोड आहे, तरी सारखं रडू येतं. कुणाला सांगू नकोस.’ एवढंच लिहिलं होतंस. मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही. रात्री अडीचला जे लिहिलं जातं ते सकाळी वाचवत नाही, हा माझा अनुभव. म्हणून आता दुपारी निवांत लिहितेय. बाळ उठलं तर ऊठ, मग परत येऊन वाच, हे कुठं पळून जात नाही.

आधी माझं सांगते, म्हणजे तुझं सांगायला तुला लाज वाटणार नाही. थोरला चार महिन्यांचा होता तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडायचे आणि बादलीच्या कडेला टेकून रडायचे. नळ अशासाठी, की आवाज बाहेर जाऊ नये. पाणी वाया जातंय म्हणून सासूबाई बाहेरून ओरडायच्या, मग त्याचंही रडू यायचं. घरात मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या, दृष्ट काढून झाली. ‘आम्ही पाच पाच काढली, आम्हाला नाही कधी असलं झालं’ हेही ऐकून झालं. मग एका बुधवारी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. म्हणाल्या, साडेतीनला देवळात भजन आहे, पेटीशेजारी तुझी जागा धरलीय.

मी म्हटलं, काकू, मला गाता येत नाही. आणि ते खरंच होतं. शाळेत समूहगीताला बाईंनी मला मागच्या रांगेत नेऊन कानात सांगितलं होतं, तू नुसते ओठ हलव. तेव्हापासून मी राष्ट्रगीतालासुद्धा नुसते ओठच हलवत आले होते. काकू म्हणाल्या, ‘अगं, गायला कोण बोलावतंय तुला? मागं झील धरायला ये.’

झील म्हणजे काय ते तुला ठाऊक असेल असं मी धरून चालले होते, पण तुमच्या पिढीचं सांगता येत नाही. पुढं एकजण ओळ म्हणते, मागं बसलेल्या सगळ्या तीच ओळ उचलतात. उचलणाऱ्या त्या झीलकरी. त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर नसतं, त्यांच्यापुढं माइक नसतो, आणि माझ्या मते भजनातलं खरं सुख त्यांच्याच वाट्याला येतं. बघ ना, सकाळी डोळा उघडल्यापासून घरातला प्रत्येक जण तुझ्या तोंडाकडे बघतो. लस कधी, दूध किती, ताप आहे की नुसतं अंग कोमट लागतंय, कामवाली आली नाही तर काय. सगळ्याची पहिली ओळ तू म्हणायचीस, मग बाकीचे झील धरणार, तेही सुरात असले तर. इथं उलटं. पहिली ओळ दुसरं कुणीतरी म्हणतं, तू मागून उचलतेस. चुकलीस तर शेजारणीचा आवाज तुझी चूक पोटात घालतो. दीड-दोन तास तुला काहीही ठरवावं लागत नाही. बाळंतपणानंतर मला एवढा आराम कशानंच मिळाला नव्हता, झोपेनंही नाही. कारण झोपेतसुद्धा एक कान पाळण्याकडे असायचा.

पहिला दिवस मात्र फजितीचा. टाळाची दोरी बोटांना कशी गुंडाळायची हेच मला येईना. मी दोन्ही वाट्या एकमेकींवर सपाट आपटत होते आणि डबा पडल्यासारखा खट्ट आवाज येत होता. काकूंनी पेटी थांबवून माझा हात धरला. म्हणाल्या, वरची जरा तिरकी येऊ दे, कडेला कड लागली की लगेच सोड, दाबून धरू नकोस, घुमू दे तिला. मग जो आवाज निघाला तो मनगटातून खांद्यापर्यंत गेला. पहिले दोन बुधवार मी खरोखर नुसते ओठ हलवले. तिसऱ्या बुधवारी शेजारच्या बाईंनी मध्येच वळून पाहिलं आणि मला कळलं की आपण ऐकू येतोय. मी लगेच गप्प. चौथ्या बुधवारी त्या वळल्या नाहीत.

आणि हो, रडू तिथंही आलं, भैरवीला यायचंच. पण कुणी काही विचारलं नाही. भजनात डोळे पुसणारी बाई म्हणजे देवाच्या नामात रंगलेली, असा सगळ्यांचा समज असतो. बाईला चारचौघांत रडायला याहून सोयीचा पडदा अजून कुणी शोधलेला नाही.

तू शिकलेली. ‘काकू म्हणाल्या’ एवढ्यावर तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून हेही सांगते. लंडनमध्ये डेझी फॅनकोर्ट आणि रोझी पर्किन्स या दोघींनी बाळंतपणानंतरच्या नैराश्याची लक्षणं असलेल्या १३४ आयांचा अभ्यास केला, तो २०१८ साली तिथल्या मानसोपचाराच्या नियतकालिकात आला. तीन गट पाडले. एका गटानं दहा आठवडे बाळांना घेऊन एकत्र गायचं, दुसऱ्यानं तसंच जमून खेळायचं, तिसऱ्याची नेहमीची जी काही देखभाल चालू असेल ती तशीच चालू. दहाव्या आठवड्यापर्यंत तिन्ही गटांतल्या बायका सावरल्या होत्या. म्हणशील, मग गाण्याचं काय एवढं? तर ज्यांचा त्रास मध्यम किंवा त्याहून जास्त होता, त्यांच्यातल्या गाणाऱ्या नेहमीची देखभाल घेणाऱ्यांपेक्षा लवकर सावरल्या, पहिल्या सहा आठवड्यांतच फरक दिसला. खेळणाऱ्यांच्या बाबतीत तसा वेग दिसला नाही. म्हणजे ‘घराबाहेर पडली, चार माणसांत मिसळली म्हणून बरं वाटलं’ एवढ्यावर ते भागत नाही. आणि महिनाभर आधी बरं वाटणं म्हणजे किती, हे तिन्हीत्रिकाळ जागणाऱ्या बाईलाच विचार.

मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडली. त्या बायका शिकवलेली गाणी तर म्हणायच्याच, पण आईपणाबद्दल स्वतःची नवी गाणीही रचायच्या. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. आपल्या आजीनं दुसरं काय केलं? पहाटे चारला उठून जात्याच्या खुंट्याला हात घातला की ओवी. समोर जाऊ बसलेली, तिचाही हात त्याच खुंट्यावर. सासरचं सलणारं, माहेरची ओढ, भाऊ आला नाही त्याचा राग, लेकाचं कौतुक, विठोबाशी भांडण, सगळं पिठात मिसळून बाहेर. दिवसा जे तोंडातून काढायची सोय नव्हती, ते जात्याच्या घरघरीत सुरात म्हटलं की चालायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी पुण्यात राहून गावोगावच्या अशा ओव्या गोळा केल्या आणि करवल्या, त्यांचा आकडा एक लाखाच्या वर आहे. आता त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संग्रहात ऐकायलाही मिळतात. रात्री दूध पाजताना मोबाइलवर रील बघत बसतेस त्यापेक्षा एखाद दिवशी ते लाव. आपल्या वयाच्या, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त सोसलेल्या बायकांचे आवाज आहेत.

पण जात्याचे गोडवे गाणाऱ्यांतली मी नाही हं. जातं गेलं ते उत्तम झालं. आजीच्या तळहातावरचे घट्टे मी पाहिलेत, आणि बाळंतीण बाईला पहाटे उठवून पायलीभर दळायला बसवणं यात काव्य शोधायला मी काही पुरुष कवी नाही. एवढंच म्हणते की गिरणी आली, पीठ विकत मिळायला लागलं, आणि कष्टाबरोबर तो गाण्याचा वेळही गेला. तो कुणी मुद्दाम काढून घेतला नाही, तसा परतही कुणी दिला नाही. भोंडला उरला तो नवरात्रात, तोही आता सोसायटीच्या हौदाशेजारी, स्पीकरवर गाणी लावून. बायका फेर धरतात आणि गाणं स्पीकर म्हणतो! मंगळागौरीच्या खेळांना तर भाड्यानं ग्रुप येतो. तो खेळतो, आपण खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढतो. गोव्यात पौषातल्या रात्री बायका मांडावर धालो गातात, दोन ओळी समोरासमोर, एकीनं म्हणायचं आणि दुसरीनं उचलायचं. तिथं अजून तरी खुर्च्या आलेल्या नाहीत असं मैत्रीण सांगते.

आता शरीराचं. भजनाची ओळ लांब असते, ती संपेपर्यंत श्वास सोडत राहायचा आणि मग पटकन भरून घ्यायचा. म्हणजे घेणं थोडं, सोडणं लांब. श्वास घेताना हृदय किंचित जोरात चालतं आणि सोडताना मंदावतं, हे तर निसर्गातच आहे. म्हणून लांब सोडला की शरीराला आपसूक निरोप जातो, की वाघ मागे लागलेला नाही, जरा बस. योगाच्या वर्गात हेच आकडे मोजून करायला लावतात आणि तिथं माझं सगळं लक्ष आकड्यांत अडकतं. भजनात ओळ संपवायची असते म्हणून होऊन जातं. स्वीडनमध्ये ब्योर्न विकहॉफ यांनी २०१३ साली एकत्र गाणाऱ्यांची हृदयं मोजली, तर ओळींबरोबर सगळ्यांचे ठोके एकदमच वर जात होते आणि एकदमच खाली येत होते. सगळ्या एकाच जागी श्वास घेतात, म्हणून. पंधराच जण होते त्यात, फार मोठा अभ्यास नव्हे. पण देवळात पंचवीस बायकांनी एका दमात श्वास भरलेला जिनं ऐकलाय, तिला यात आश्चर्य वाटणार नाही. सतरंजीच जणू फुगते.

एक गोष्ट मात्र कानात सांगते. पोटातून आवाज लावताना खालून जरा थेंब थेंब झालं तर घाबरू नकोस. बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात, शिंकेला होतं तसंच ते. आमच्याकडे निम्म्या बायका वरचा सूर आला की मांडी घट्ट करून बसतात, कुणी बोलत नाही इतकंच. पण ‘बायकांचं असंच असतं’ म्हणून वर्षानुवर्षं सोसूही नकोस, डॉक्टरांना सांग, त्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि फरक पडतो. तुझं सिझर, तेव्हा टाके ओढत असतील तर सुरुवातीला बसल्या बसल्या हळू आवाजातच म्हण. पेटी काळी चारवर असते, तुला उंच वाटली तर खालच्या सप्तकात गुणगुण. साठीच्या पुढच्या आमच्या सगळ्या तिथंच असतात, सोबत मिळेल. बाळाला आणलंस तर टाळांच्या रांगेत बसू नकोस. पंचवीस टाळ एकदम वाजतात तेव्हा कानठळ्या बसतात. दारापाशी बस, तिथं हवाही लागते आणि कुरकुरलं तर उठून जाता येतं. बाळांचं मात्र नवल आहे. आरडाओरडा करणारं पोर गजर सुरू झाला की पाचव्या मिनिटाला मान टाकतं, आणि गजर थांबला रे थांबला की जागं होतं.

मंडळात सगळं गोडीगुलाबीचं असतं असं समजून येऊ नकोस. कोण पुढं म्हणणार यावरून अबोला धरलेल्या दोघी आमच्याकडे आहेत, दोघीही एकाच पांडुरंगाला आळवतात. स्पर्धेसाठी एकसारख्या साड्या घ्यायच्या ठरल्या तेव्हा रंगावरून तीन आठवडे गेले, अभंग एका दुपारी बसला होता. कुणाची सून काय म्हणाली हेही कानावर येईल, तुझंही कुणाच्या तरी कानावर जाईल. तरी मी जाते. एक कारण सांगते. हळदीकुंकवाला जिला कुणी बोलावत नाही अशी बाई भजनात पहिल्या रांगेत बसते आणि सगळ्यांच्या आधी तिचा आवाज लागतो. आमच्या पखवाजावर बसणाऱ्या वहिनी तशाच. नवरा गेल्यावर पखवाज शिकल्या, पंचावन्नाव्या वर्षी.

तुला देवाधर्माचं फारसं नाही, मला माहीत आहे. नको असेल तर नको. चार मैत्रिणी जमव, जुनी सिनेमाची गाणी म्हणा, सेवादलाची म्हणा, चळवळीची म्हणा. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे १९८३ चं नाटक तर बायकांनी एकत्र गायलेल्या गाण्यांवरच उभं होतं, त्यात देव कुठंच नव्हता. पण कराओके नको. तिथं एक गाते आणि बाकीच्या आपली पाळी कधी येते ते बघत फोन चाळतात. एकीच्या तोंडातून सुटलेली ओळ दुसरीच्या तोंडात पडली पाहिजे, नाहीतर ते नुसतं ऐकणं झालं. आणि बाळाला तू अंगाई म्हणतेस, ती म्हणच, पण ती बाळासाठी असते. बाळ झोपलं की तू गप्प. ही दुपार तुझी.

ओळखी जुळायला वेळ लागेल, आपलं कुणी होईपर्यंत वर्ष जाईल, असंही वाटत असेल. तर इंग्लंडमध्ये प्रौढांच्या वर्गांवरही लोकांनी हे पाहिलंय. काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. सात महिन्यांनी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या सारखीच जवळ आली होती, पण गाणारे पहिल्या महिन्यातच आले. लेखनवाल्यांना एकमेकांचं आयुष्य माहीत झालं असेल, गाणाऱ्यांना कदाचित नावंही नीट ठाऊक नसतील. मला आमच्या पेटीवाल्या काकूंचं माहेरचं आडनाव अजून माहीत नाही. पण बाबा गेले तेव्हा पहाटे पाचला दारात त्याच होत्या, हातात चहाचा थर्मास.

आता जे कुणाला सांगितलं नाही ते. भजनानं मी बरी झाले असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धं खरं आहे. चार बुधवार झाल्यावर काकू जाताना जिन्यात थांबल्या आणि म्हणाल्या, गाताना तुझा चेहरा मोकळा होतो, पण चपला घालेपर्यंत परत मिटतो, हे नुसत्या गाण्याचं काम नव्हे. त्याच मला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. मी आठ महिने गोळ्या घेतल्या. आईला माहीत नाही, सासूबाईंना माहीत नाही, त्या व्हिटॅमिनच्या समजत होत्या. बाळंतपणानंतर पहिले आठ-पंधरा दिवस कारण नसताना रडू येणं पुष्कळजणींना होतं आणि ओसरतं. तुझं पाचव्या महिन्यात चालू आहे. हे अंगावर काढायचं दुखणं नाही, आणि तुझ्या एकटीचंही नाही. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांची २०१७ साली एकत्र मोजदाद झाली, त्यात साधारण २२ टक्के आयांना हे असतं असं निघालं. आपल्या त्या व्हॉट्सॲपच्या ‘माहेर’ ग्रुपवर किती जणी आहोत ते मोज आणि हिशोब कर. डॉक्टर दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतील, त्यात लपवालपवी करू नकोस. अंगावर पाजत असलीस तरी चालतील अशी औषधं असतात, ती तेच बघून देतात. आणि रात्री अडीचला स्वतःबद्दल किंवा बाळाबद्दल काही भलतं मनात आलं, तर मेसेज नको, सरळ फोन कर मला. माझा लागला नाही तर १४४१६ लाव, सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट असते, मराठीत बोलतात.

दवाखान्याला शुक्रवारी सकाळी जाऊ, अकराची वेळ घेतलीय. तुला न विचारता घेतली, रागव हवं तर. बुधवार त्याआधी येतो.

तुझ्या सासूबाईंशी मी बोलले. ‘आत्ताच कशाला बाहेर, वारं लागेल’ म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीपण चला. जरा वेळ फोनवर शांतताच होती. मग विचारलं, पेटी कुठल्या पट्टीत असते गं तुमची? लग्नाआधी गायच्या त्या, तुला ठाऊक होतं का? मला नव्हतं. तर बाळ त्यांच्याकडे ठेवून यायचा बेत बारगळला, दोघींना आणि बाळाला मिळून एक रिक्षा लागेल. दूध काढून ठेवायची खटपट करू नकोस, दारापाशी बसून पाजता येतं, सगळ्या बायकाच आहेत. तीनला खाली येऊन थांबते. टाळ माझ्याकडे जादा आहेत, दोरी नवी ओवून ठेवलीय. वही नको आणूस. पहिल्या दिवशी वहीत डोकं घातलं की पुढची काय म्हणते ते ऐकू येत नाही.